लपवलेला स्टेटस बार पुन्हा पुन्हा का दिसतो: लक्षणे आणि क्रमाने करायची तपासणी

बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी या भागांतील दुकाने, दवाखाने, दूध संकलन केंद्रे आणि उद्यमबागेतील कारखाने यांच्यासाठी मी बरीच वर्षे मोबाईल ॲप तयार करीत आलो आहे. कामे निरनिराळी असली तरी एक तक्रार जवळजवळ प्रत्येक ठिकाणी आली आहे. वेळ, नेटवर्क आणि बॅटरी दाखवणारी पडद्यावरची पट्टी, म्हणजे स्टेटस बार, ॲपमध्ये लपवलेली असते. आपल्या टेबलावर तपासताना सगळे ठीक दिसते, ॲप ग्राहकाकडे जाते आणि आठवड्याच्या आत फोन येतो, "सर, वरची पट्टी परत आलीया बघा." हा दोष मी इतक्या वेळा दुरुस्त केला आहे की आता त्याची तपासणी ठराविक क्रमाने करतो. तोच क्रम येथे दिला आहे. पहिल्या दोन तपासण्यांना सोर्स कोडची गरज नाही, पुढच्या तपासण्यांना आहे. आयफोनचा वेगळा भाग सोडला तर या तपासण्या मुख्यतः अँड्रॉइड फोनसाठी आहेत. कोडमधील नावे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत.

लक्षणे

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते, पण त्या वाक्यामागे पुढीलपैकी कोणते लक्षण आहे हे आधी नीट विचारून घ्यावे.

– ॲप उघडताना पट्टी क्षणभर दिसते आणि मग नाहीशी होते.
– सुरुवातीला पट्टी लपलेली असते, परंतु फोन घेऊन परत आल्यावर किंवा दुसरे ॲप पाहून आल्यावर ती तशीच दिसत राहते.
– संदेशाची चौकट किंवा निवडीची यादी उघडली की पट्टी येते.
– पट्टी गेलेली असते, पण तिच्या जागी काळा किंवा पांढरा पट्टा उरतो.
– पट्टी गेलेली असते, पण शीर्षक कॅमेऱ्याच्या खाचेखाली जाऊन कापले जाते.
– पट्टी लपवल्यापासून कीबोर्ड उघडला की लिहायचा रकाना त्याच्यामागे झाकला जातो.
– काही फोनवर पट्टी लपते आणि काहींवर अजिबात लपत नाही.

या सर्वांच्या मुळाशी एक गोष्ट आहे आणि ती मनात पक्की असली की पुढचे सारे सोपे जाते. स्टेटस बार ॲपच्या मालकीचा नसतो, तो प्रणालीचा असतो. आपण फक्त एका विंडोच्या, म्हणजे ॲपचे चित्र ज्या जागेत काढले जाते तिच्या, वतीने प्रणालीला विनंती करतो की ही विंडो समोर असेपर्यंत पट्टी दाखवू नये. विंडो बदलली, तिच्याकडचा फोकस, म्हणजे कीबोर्डचे लिखाण घेण्याचा हक्क, गेला किंवा तिला पूर्ण पडदाच मिळाला नाही, तर ती विनंती लागू राहीलच असे नाही.

आधी हा दोष आहे का, ते पाहावे

सर्वांत स्वस्त तपासणी म्हणजे वापरणाऱ्याच्या शेजारी बसून पाहणे. पडद्याच्या वरच्या कडेवरून बोट खाली ओढले की लपवलेली पट्टी अर्धपारदर्शक रूपात येते आणि काही सेकंदांनी आपोआप जाते. अँड्रॉइड ४.४ पासून, म्हणजे २०१३ पासून, ही सोय आहे आणि ती मुद्दाम ठेवलेली आहे, कारण कोणत्याही ॲपने वापरणाऱ्याला अडकवून ठेवू नये. म्हणून पट्टी दिसल्यावर पडद्याला हात न लावता थोडा वेळ थांबावे. ती आपोआप गेली, तर कोडमध्ये शोधण्यासारखे काही नाही, आणि ग्राहकाला तसे स्पष्ट सांगावे.

दुसरे म्हणजे, ॲपला पूर्ण पडदा मिळाला आहे का ते पाहावे. निपाणीतील एका तंबाखू व्यापाऱ्याच्या पेढीवर नोंदणीचे ॲप एकाच फोनवर बिघडत होते. मी दोन दिवस कोड तपासला. शेवटी प्रत्यक्ष गेलो तेव्हा दिसले की तेथील हिशेबनीस पडद्याचे दोन भाग करून वर आमचे ॲप आणि खाली व्हॉट्सॲप उघडे ठेवीत असत. पडदा असा विभागलेला असताना ॲपला स्टेटस बार लपवता येत नाही, हा अँड्रॉइडचा नियमच आहे. तेव्हापासून दुरून आलेल्या प्रत्येक तक्रारीला मी आधी पूर्ण पडद्याचे छायाचित्र मागवतो.

फोनची सेटिंग आणि दुसरा फोन

अनेक फोनमध्ये डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये प्रत्येक ॲपसाठी वेगळा पर्याय असतो. ॲपने कॅमेऱ्याच्या खाचेपर्यंत पसरावे, की ती जागा काळी ठेवावी, हे तेथे ठरते. वरचा पट्टा गडद काळा असेल आणि ॲपची पार्श्वभूमी काळी नसेल, तर तो पट्टा बहुधा प्रणालीने ओढलेला असतो. त्यामागे हा पर्याय असू शकतो किंवा पुढे सांगितलेले खाचेचे धोरण असू शकते. पर्याय बदलून ॲप पूर्णपणे बंद करावे आणि पुन्हा उघडावे.

त्यानंतर तेच ॲप दुसऱ्या कंपनीच्या फोनवर आणि शक्य झाल्यास एम्युलेटरवर, म्हणजे संगणकावरच्या आभासी फोनवर, चालवावे. एम्युलेटरमध्ये कोणत्याही कंपनीचे फेरफार नसलेले अँड्रॉइड असते. तेथेही दोष दिसला तर तो आपला आहे, आणि तेथे दिसला नाही तर शोध त्या फोनपुरता मर्यादित राहतो. दहा मिनिटांच्या या तपासणीने पुढचे अनेक तास वाचतात.

थीम

ॲप उघडताना पट्टी चमकून जात असेल, तर कारण जवळजवळ नेहमी थीममध्ये, म्हणजे ॲपचे रंगरूप ठरवणाऱ्या नोंदीत, सापडते. आपला कोड चालू होण्याआधीच प्रणाली एक प्रारंभिक विंडो दाखवते आणि तिचे रूप केवळ थीमवरून ठरवते. पट्टी लपवण्याची विनंती फक्त कोडमध्ये असेल, तर ती या विंडोनंतर पोहोचते. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपचा तपशील प्रणालीला सांगणाऱ्या फाईलमध्ये, पहिल्या ॲक्टिव्हिटीला, म्हणजे पहिल्या स्क्रीनला, जी थीम लावली आहे, तिच्यात ‘विंडो फुलस्क्रीन’ हा गुण ‘ट्रू’ करावा. रात्रीच्या रूपासाठी किंवा नव्या अँड्रॉइड आवृत्तीसाठी थीमची वेगळी फाईल असेल तर तिच्यातही तोच बदल करावा, कारण विसर बहुधा याच फाईलमध्ये पडतो.

विनंती कोठे लिहिली आहे

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक येथेच मिटतात, म्हणून ही तपासणी विस्ताराने सांगतो. खानापूर तालुक्यातील एका दूध संकलन केंद्रावर फोन काट्याशेजारच्या लाकडी चौकटीत उभा ठेवलेला असे आणि सचिव सभासद क्रमांक, लिटर आणि फॅट यांची नोंद करीत. पहाटेच्या गर्दीत मध्येच डेअरीचा फोन आला की ते बोलून होम बटणाने बाहेर जात आणि पुन्हा ॲपवर येत. परत आल्यावर पट्टी दिसे, सगळा मजकूर अर्धे बोट खाली सरके आणि तळाचे ‘नोंदवा’ बटण पडद्याबाहेर जाई. रांगेत कॅन घेऊन उभ्या असलेल्या माणसांसाठी तो खरा खोळंबा होता.

कारण साधे होते. विनंती ‘ऑन-क्रिएट’मध्ये लिहिली होती. ॲक्टिव्हिटी तयार होताना हा भाग एकदाच चालतो. वापरणारा बाहेर जाऊन परत आला की ॲक्टिव्हिटी नव्याने तयार होत नाही, पूर्वीचीच पुढे येते, आणि जुन्या पद्धतीचे झेंडे, म्हणजे विंडोवर लावायच्या ‘सिस्टिम-यूआय-फ्लॅग’ या खुणा, मधल्या काळात पुसले गेलेले असतात. म्हणून विनंती ‘ऑन-रिझ्यूम’मध्ये, म्हणजे स्क्रीन पुन्हा समोर आल्यावर चालणाऱ्या भागात, किंवा ‘ऑन-विंडो-फोकस-चेंज्ड’मध्ये फोकस मिळाल्यावर पुन्हा करावी. मी दुसरी जागा पसंत करतो, कारण ॲक्टिव्हिटी न थांबता केवळ फोकस जाऊन परत येतो, तेव्हाही ती उपयोगी पडते.

अँड्रॉइड ११ मध्ये, २०२० साली, ‘विंडो-इन्सेट्स-कंट्रोलर’ हे पट्टी दाखवण्या-लपवण्याचे नवे साधन आले आणि जुने झेंडे कालबाह्य ठरवले गेले. आज नवे काम सुरू करताना अँड्रॉइड-एक्स या तयार कोडच्या संचातील त्याचे ‘कॉम्पॅट’, म्हणजे जुन्या आवृत्त्यांवरही चालणारे, रूपच वापरावे. त्यातील ‘हाइड’ला स्टेटस बारचा प्रकार द्यावा आणि वर्तनासाठी ‘शो-ट्रान्झियंट-बार्स-बाय-स्वाइप’ निवडावे. मात्र अँड्रॉइड १० आणि त्याआधीच्या फोनवर हे कॉम्पॅट रूप आतून जुनेच झेंडे वापरते. आपल्या गावांत असे फोन अजून भरपूर आहेत, त्यामुळे फोकस परत आल्यावर विनंती पुन्हा करण्याची सवय सोडू नये.

दुरुस्ती झाल्यावर तपासणीही तितकीच चिकाटीने करावी. होम दाबून परत येणे, अलीकडच्या ॲपच्या यादीतून परत येणे, पडदा बंद करून चालू करणे, फोन आडवा करणे आणि दुसऱ्या फोनवरून कॉल लावणे, हे प्रत्येक किमान पाच वेळा करावे.

दोन विनंत्यांची ओढाताण

पट्टी कधी राहते आणि कधी जाते, असे अनियमित वागणे दिसले, तर एकाच ॲपमध्ये दोन ठिकाणांहून परस्परविरोधी सूचना जात आहेत असे समजावे. संपूर्ण प्रकल्पात ‘फ्लॅग-फुलस्क्रीन’, ‘सिस्टिम-यूआय’ आणि ‘स्टेटस-बार’ हे शब्द शोधावेत. जुन्या ॲपमध्ये आधीच्या विकसकाने झेंडे लावलेले असतात, नंतरच्याने कंट्रोलर आणलेला असतो आणि व्हिडिओ दाखवणारी एखादी लायब्ररी, म्हणजे बाहेरून घेतलेला तयार कोड, बंद होताना स्वतःच पट्टी दाखवून जाते. एकच पद्धत ठेवावी आणि ती एकाच ठिकाणी लिहावी.

रिॲक्ट नेटिव्ह आणि फ्लटर ही एकाच कोडवरून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप करण्याची साधने आहेत. रिॲक्ट नेटिव्हमध्ये ‘स्टेटसबार’ हा घटक एकापेक्षा अधिक स्क्रीनवर ठेवता येतो आणि त्यांचे गुण ज्या क्रमाने ते घटक पडद्यावर चढले त्या क्रमाने एकत्र केले जातात. साहजिकच शेवटी चढलेल्याचे चालते. एखाद्या आतल्या स्क्रीनवर विसरून राहिलेला ‘हिडन फॉल्स’, म्हणजे पट्टी लपवू नये असे सांगणारा गुण, तेवढ्यासाठी पुरतो. फ्लटरमध्ये ‘सेट-एनेबल्ड-सिस्टिम-यूआय-मोड’ला ‘इमर्सिव्ह-स्टिकी’ द्यावे आणि ‘रन-ॲप’च्या आधी ते बोलवायचे असेल तर त्यापूर्वी ‘विजेट्स-फ्लटर-बाइंडिंग’ तयार करून घ्यावे. फ्लटरच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अँड्रॉइडवर पट्टीची स्थिती एकदा बदलल्यावर एक सेकंद होईपर्यंत ती पुन्हा बदलता येत नाही, म्हणून लागोपाठ दिलेल्या दोन सूचनांपैकी दुसरी वाया जाऊ शकते.

संदेशाची चौकट

‘नोंद रद्द करायची आहे का?’ असे विचारणारी चौकट उघडली की पट्टी डोकावते, ही तक्रार येथील एका दवाखान्याच्या टोकन दाखवणाऱ्या ॲपमध्ये मला प्रथम आली. अशी चौकट ॲक्टिव्हिटीच्या विंडोत काढली जात नाही, तिची स्वतःची विंडो असते. फोकस तिच्याकडे जातो आणि तिने तर पट्टी लपवण्याची विनंती केलेलीच नसते. म्हणून चौकट दाखवताना तिच्या विंडोसाठीही तीच विनंती करावी. पट्टी क्षणभर चमकत असेल, तर चौकट दाखवण्यापूर्वी तिच्या विंडोला ‘नॉट-फोकसेबल’ करावे, दाखवल्यावर विनंती लागू करावी आणि मग तो झेंडा काढून टाकावा. तो काढायचा राहिला तर चौकटीतील रकान्यात लिहिता येत नाही, हे विशेष जपावे.

खाली उघडणाऱ्या निवडीच्या याद्याही स्वतंत्र विंडोत उघडतात आणि त्यांच्या विंडोपर्यंत हात पोहोचवणे अधिक किचकट आहे. अशा ठिकाणी मी यादीच बदलतो आणि तालुका किंवा गाव निवडण्यासाठी त्याच स्क्रीनमध्ये उलगडणारा भाग देतो. बोटांनाही ते सोयीचे पडते.

रिकामी झालेली जागा

पट्टी गेली, पण तिची जागा कोणी घ्यायची हा प्रश्न उरतो, आणि आपल्या लिपीमुळे तो आपल्याला अधिक भोवतो. एका गणेशोत्सव मंडळाच्या ॲपमध्ये शीर्षक पडद्याच्या अगदी वरच्या कडेला गेले होते आणि ‘दर्शन’ या शब्दावरचा रफार कापला जाऊन वृद्ध भाविकांना ‘दशन’ असे दिसत होते. रोमन लिपीत तपासलेली मांडणी देवनागरीत अशी फसते, कारण रफार, मात्रा, वेलांटी आणि अनुस्वार हे सारे शिरोरेषेच्या वर असते. कन्नडमध्ये ओत्तक्षरे, म्हणजे जोडाक्षरातील दुसरी अक्षरे, ओळीच्या खाली लोंबतात, त्यामुळे आपल्याकडच्या दोन भाषांच्या ॲपमध्ये वर आणि खाली, दोन्हीकडे मोकळी जागा लागते. मजकुराच्या घटकावर ‘इन्क्लूड-फाँट-पॅडिंग’ बंद केलेले असेल, तर ते आधी चालू करून पाहावे.

पट्ट्याची आणि कापल्या जाण्याची कारणे तीन असतात. पहिले कारण म्हणजे कोणीतरी पट्टीची उंची २४ डीपी (डीपी हे अँड्रॉइडचे लांबीचे एकक) धरून मांडणीत कायमची लिहिलेली असते. खाचेच्या फोनवर ती उंची याहून बरीच अधिक असू शकते, म्हणून ती प्रणालीलाच विचारावी.

दुसरे कारण खाचेविषयीचे धोरण आहे. अँड्रॉइड ९ पासून, म्हणजे २०१८ पासून, ‘लेआउट-इन-डिस्प्ले-कटआउट-मोड’ ठरवता येतो. तो ठरवलेला नसेल, तर अँड्रॉइड १४ पर्यंतच्या फोनवर पडदा उभा असताना पट्टी लपवताच प्रणाली खाचेची पूर्ण ओळ काळी करते. ‘शॉर्ट-एजेस’ दिल्यावर ॲप तेथपर्यंत पसरते. अँड्रॉइड १५ ला लक्ष्य केलेल्या, म्हणजे त्या आवृत्तीसाठी तयार केल्याचे जाहीर केलेल्या, ॲपमध्ये त्या आवृत्तीच्या फोनवर मजकूर कडेपासून कडेपर्यंत पसरणे सक्तीचे झाले आहे आणि स्टेटस बारचा रंग ठरवणारी जुनी सूचना तेथे चालत नाही. त्यामुळे लक्ष्य आवृत्ती ३५, म्हणजे अँड्रॉइड १५, केल्याबरोबर जुन्या ॲपचे शीर्षक अचानक वर सरकले, तर गोंधळून जाऊ नये.

तिसरे कारण सर्वांत कमी ओळखीचे आहे. पट्टी लपली की तिच्यासाठी प्रणालीकडून मिळणारे अंतर, म्हणजे इन्सेट, शून्य होते, आणि मांडणी त्या अंतरावर अवलंबून असेल तर पट्टी येताजाता सारा मजकूर वरखाली उडी मारतो. यासाठी ‘गेट-इन्सेट्स-इग्नोरिंग-व्हिजिबिलिटी’ वापरावे आणि खाचेचे अंतर वेगळे मागून घ्यावे. दूध केंद्रावरचे ‘नोंदवा’ बटण अखेर यामुळेच जागेवर राहिले. फ्लटरमध्ये पांढरा पट्टा दिसला तर ‘सेफ-एरिया’ काढून टाकण्याची घाई करू नये. तो पट्टा खाच टाळण्यासाठीच सोडलेला असतो, मागच्या पार्श्वभूमीचा रंग जुळवला की काम होते.

कीबोर्ड

‘फ्लॅग-फुलस्क्रीन’ लावलेल्या विंडोत ‘ॲडजस्ट-रिसाइझ’ मानले जात नाही, म्हणून कीबोर्ड आला तरी मांडणी आक्रसत नाही आणि खालचा रकाना झाकला जातो. हा झेंडा काढून कंट्रोलरने पट्टी लपवावी आणि कीबोर्डची उंची इन्सेट्समधून घेऊन तळाशी तितकी जागा सोडावी. ज्या स्क्रीनवर भरपूर लिहायचे आहे तेथे पट्टी लपवूच नये, असे माझे मत आहे. आमच्याकडे पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो. नोंद करणाऱ्याला बॅटरी किती उरली आहे आणि रेंज आहे की नाही हे दिसणे आवश्यक असते, आणि ते लपवून मिळणारी एका ओळीची जागा त्या मानाने फार थोडी आहे.

आयफोनवर

येथे कारणे थोडी आहेत. ‘इन्फो-पीलिस्ट’ या ॲपच्या तपशिलाच्या फाईलमध्ये ‘स्टेटस बार हिडन’ दिलेले असते, पण ‘व्ह्यू कंट्रोलर बेस्ड’ हा गुण चालू असल्याने उघडल्यानंतर प्रत्येक स्क्रीनचे स्वतःचे उत्तर मानले जाते. ‘प्रिफर्स-स्टेटस-बार-हिडन’मधून ‘ट्रू’ परत द्यावे आणि स्थिती बदलली की ‘सेट-नीड्स-स्टेटस-बार-अपिअरन्स-अपडेट’ बोलवावे. तरीही पट्टी दिसत असेल, तर बाहेरच्या कंटेनरला ‘चाइल्ड-फॉर-स्टेटस-बार-हिडन’मधून आतल्या स्क्रीनकडे बोट दाखवावे लागते. स्विफ्ट-यूआय या ॲपलच्या स्क्रीन रचण्याच्या साधनात ‘स्टेटस-बार-हिडन’ हा मॉडिफायर पुरतो.

कोठे थांबावे

उद्यमबागेतील एका फाउंड्रीत यंत्राशेजारी टॅब लावला होता. कामगाराच्या हाताने पट्टी खाली ओढली जाऊन वायफाय बंद होई आणि नोंदी अडकून पडत. ‘पट्टी खाली येताच कामा नये’ ही मालकांची मागणी रास्त होती, पण ती सामान्य ॲपच्या अधिकाराबाहेरची आहे. पट्टीवर अदृश्य थर टाकून तिला अडवण्याच्या युक्त्या सांगितल्या जातात. नव्या आवृत्त्यांत त्या बंद पडतात, शिवाय त्यांच्यासाठी इतर ॲपवर चित्र काढण्याची परवानगी मागावी लागते, आणि ती परवानगी सहज देण्याची सवय कामगारांना लावणे धोक्याचे आहे. योग्य मार्ग म्हणजे टॅबला ‘डिव्हाइस ओनर’ पद्धतीने, म्हणजे संपूर्ण टॅबचा ताबा एका ॲपकडे देऊन, बांधून ‘लॉक टास्क मोड’, म्हणजे ठराविक ॲपबाहेर जाऊ न देणारी सोय, वापरणे. अँड्रॉइड ६ पासून डिव्हाइस ओनरला स्टेटस बार बंदही ठेवता येतो. मात्र त्यासाठी टॅब नवा किंवा फॅक्टरी रीसेट केलेला लागतो आणि त्यातील आधीची माहिती पुसली जाते. ज्याने हे पूर्वी केलेले नाही त्याने चालू कारखान्यातील टॅबवर प्रयोग करू नये, या कामाचा अनुभव असलेल्या माणसाला बोलवावे.

सोर्स कोड हाती नसताना केवळ एपीके, म्हणजे फोनवर बसवायची तयार फाईल, उघडून बदल करायला बसू नये. त्यात ॲपची डिजिटल सही बदलते, जुन्या ॲपवर नवे बसत नाही आणि साठवलेल्या नोंदी जाण्याची भीती असते. ज्याने ॲप तयार केले त्याच्याकडेच जावे. पैसे भरण्याची स्क्रीन बाहेरच्या लायब्ररीची असेल आणि पट्टी फक्त तेथेच दिसत असेल, तर ती तशीच राहू द्यावी आणि त्या लायब्ररीच्या साहाय्य विभागाला कळवावे. एम्युलेटरवर सर्व ठीक असून एकाच कंपनीच्या एकाच मॉडेलवर दोष उरत असेल, तर एक पूर्ण दिवस दिल्यावर मी थांबतो आणि त्या मॉडेलवर काम केलेल्या विकसकाला विचारतो.

कोणालाही बोलवण्यापूर्वी चार गोष्टी हाताशी ठेवाव्यात. फोनचे नेमके मॉडेल, अँड्रॉइडची आवृत्ती, ॲपची लक्ष्य आवृत्ती आणि पट्टी परत येण्याच्या आधीच्या अर्ध्या मिनिटाचे चित्रीकरण. चित्रीकरण दुसऱ्या फोनच्या कॅमेऱ्याने करावे, कारण स्क्रीन रेकॉर्डर सुरू करण्यासाठीच बहुधा पट्टी खाली ओढावी लागते आणि मग मूळ दोष कोणता आणि आपण आणलेली पट्टी कोणती, हे पाहणाऱ्याला कळत नाही.